एलिझा शुआ द्युसापँ वाचलीये का कुणी? (सोक्चो, पाचिंको आणि पुढची पुस्तकं)

रानजाई

बरेच दिवस हा धागा काढीन काढीन म्हणत होते, आज बसलेच. गेल्या वर्षी फ्रेंचच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीने हातात एक बारकंसं पुस्तक ठेवलं, म्हणाली तुला झेपेल, वाक्यं छोटी आहेत. 'इव्हेर आ सोक्चो', म्हणजे सोक्चोतला हिवाळा. वाक्यं छोटी आहेत हे खरं पण झेपलं असं म्हणवत नाही, कारण दोन रात्रीत संपलं आणि मग आठवडाभर दुसरं पुस्तक हातात धरवेना.

लेखिकेबद्दल थोडं. जन्म १९९२ चा, नैऋत्य फ्रान्समधल्या सार्ला गावातला. वडील फ्रेंच, आई दक्षिण कोरियाची. लहानपण पॅरिस, सोल आणि नंतर स्वित्झर्लंडमधलं पोराँत्रुई असं वाटलं गेलेलं. तिथल्याच बील गावच्या साहित्य संस्थेतून २०१४ ला पदवी घेतली आणि २०१६ ला ही पहिली कादंबरी आली, जिनिव्हाच्या झोए प्रकाशनाकडून. त्याच वर्षी रॉबर्ट वाल्झर पुरस्कार, पुढच्या वर्षी रेजीन दफोर्ज पुरस्कार. चोविशीच्या आसपासची मुलगी होती तेव्हा!

सोक्चो हे कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव, उत्तर कोरियाची हद्द तिथून साधारण ६० किलोमीटर. उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी, पण कादंबरी घडते कडाक्याच्या थंडीत, सगळं बंद असताना. एका जुनाट गेस्टहाऊसमध्ये स्वयंपाक आणि साफसफाई करणारी एक तरुण मुलगी आहे, तिला पुस्तकभर नावच नाही. आई कोरियन, मासळीबाजारात मासे विकणारी. बाप फ्रेंच, त्याला हिने कधी पाहिलेलंच नाही. आणि एक दिवस नॉर्मंडीतला एक चित्रकथाकार, केरां, तिथे राहायला येतो. बापाच्या देशातला, वयाने हिच्याहून बराच मोठा.

आता जी गोष्ट मला सोडत नाहीये ती सांगते. या मुलीने सोलला फ्रेंच साहित्य शिकलंय. तिला फ्रेंच येतं. पण केरांशी ती फ्रेंच बोलत नाही, दोघं इंग्रजीत बोलतात! बापाची भाषा डोक्यात आहे, पुस्तकांतून कमावलेली आहे, आणि समोर ती भाषा बोलणारा माणूस बसलाय तर ही परक्या तिसऱ्या भाषेत बोलते. आणि हे सगळं आपण वाचतो कुठल्या भाषेत तर फ्रेंचमध्ये. जी भाषा तिच्या तोंडून निघत नाही त्याच भाषेत ती आपल्याला सगळं सांगतेय. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

माझं म्हणणं असं की द्युसापँच्या सगळ्या पुस्तकांत हेच आहे, जवळच्या दोन माणसांना पुरेल अशी एक भाषा नसणं. मी तीन वाचलीत, चौथं चालू आहे. अजून कुणी वाचलं असेल तर या, बोलूया.

बर्फातली_माऊ

रानजाई, काय छान लिहिलंयस गं. मी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला असते, अकरा वर्षं झाली, पोराँत्रुई आमच्यापासून फार लांब नाही. तिच्या लिखाणाबद्दल बोलताना सगळे कोरिया कोरिया करतात पण ती स्विस आहे हे विसरतात म्हणून थोडं सांगते. पोराँत्रुई म्हणजे जुरा प्रांत. हा प्रांत १९७९ ला बर्न प्रांतापासून वेगळा झाला आणि त्या भांडणात भाषेचा मोठा वाटा होता, बर्न मुख्यतः जर्मन बोलणारं आणि जुरातले लोक फ्रेंच. म्हणजे ती वाढली तेच मुळी अशा ठिकाणी की जिथे कुठली भाषा बोलतो यावरूनही प्रांताचं भांडण झालंय. आणि ती शिकली ते बील तर दोन भाषांचं गाव, रस्त्यांच्या पाट्यासुद्धा दोन्हीत, दुकानात शिरताना लोक आधी अंदाज घेतात समोरचा काय बोलेल.

दुसरं म्हणजे प्रकाशक. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्याला पॅरिस म्हणजे सगळं काही, तिथे छापून आलं तर लेखक, असं इथले फ्रेंचभाषक स्विससुद्धा मानतात. ही बाई पहिल्यापासून झोएकडेच राहिलीये, एवढे पुरस्कार मिळाल्यावर पण. मला याचं फार कौतुक वाटतं.

सुकटबोंबील

मी कोरियन सिरियलींमुळे या पुस्तकाकडे वळलो, इंग्रजीतून वाचलं. आम्ही जन्माचे मासेखाऊ, त्यामुळे मला यातली आई सगळ्यात जास्त आवडली. तिच्याकडे फुगू साफ करायचा परवाना आहे. फुगू म्हणजे तो विषारी मासा, त्याच्या काळजात आणि गाभोळीत असं विष असतं की माणूस गुदमरून मरतो, उताराच नाही त्याला. परवाना असल्याशिवाय तो कुणाला खायला घालताच येत नाही. तर ही आई बाजारात बसून तो मासा चिरते आणि पोरीला मात्र शिकवत नाही, हात लावू देत नाही. मी पण आईला पापलेट साफ करताना बघत वाढलोय, कल्ला कुठून धरायचा, सुरी कशी तिरकी घालायची, हे कुणी शिकवत नाही, शेजारी बसून बसून येतं. त्या पोरीला बसून बसून पण मिळालेलं नाही. आणि शेवटाकडे ती स्वतःच्या हाताने फुगू करायला घेते तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं नाही सांगत.

केरां तिच्या हातचं खात नाही हेही किती लागतं! ती रोज रांधते, तो तिखट नको म्हणतो आणि बाहेरून डोनट आणून खोलीत खातो. आपल्याकडे पाहुणा आपलं जेवण सोडून बाहेरचं आणून खायला लागला तर बायका वर्षभर बोलून दाखवतील, ही काही बोलत नाही, रात्री पातळ भिंतीपलीकडून त्याच्या टाकाची कागदावर होणारी खरखर ऐकत पडते.

सोक्चोबद्दल अजून एक. ते १९४५ ते १९५० मध्ये उत्तरेकडे होतं, ३८ अक्षांशाच्या वर आहे ना, फाळणीची रेघ तीच होती तेव्हा. कोरियन युद्धानंतर दक्षिणेत आलं. उत्तरेतल्या हामग्याँगहून पळून आलेले लोक तिथे वाळूवरच वस्ती करून राहिले, आज ना उद्या परत जाऊ म्हणून, आणि तिथेच म्हातारे झाले. त्या वस्तीचं नाव अबाई, त्यांच्या बोलीत अबाई म्हणजे आजोबा, म्हातारा माणूस. तिथली मसाला भात भरलेली माकुळं प्रसिद्ध आहेत.

सडेतोड

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी सोक्चो आणि तिचं पुढचं पाचिंको दोन्ही वाचली, लोकलने जाता येता. भाषा सुंदर आहे मान्य. पण घडत काय? माणसं येतात, खिडकीतून बघतात, नूडल्स खातात, जातात. कुणी कुणाला मनातलं सांगत नाही आणि लेखिका पण आपल्याला सांगत नाही. एका पुस्तकात चालतं, दुसऱ्यात पण तेच म्हटल्यावर मला ती हातचं राखून लिहितेय असं वाटलं. शिवाय प्रत्येक पुस्तकात सीझन संपलेलं गाव, बंद पडलेलं हॉटेल, एकटी मुलगी. याला शैली म्हणायचं की सवय?

रानजाई

सडेतोड, राग कशाला, हाच मुद्दा मला पण पहिल्यांदा आला होता मनात. पण मी सोक्चो दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की घडतं खूप, फक्त ते अंगावर घडतं. बघा ना, आई तिला सारखी खा खा करते आणि मग बारीक हो म्हणते. तिचा मित्र मॉडेल व्हायला सोलला जातोय आणि चेहऱ्याच्या ऑपरेशनच्या गोष्टी करतो. गेस्टहाऊसमध्ये एक मुलगी येऊन राहिलीये जिच्या तोंडाला पूर्ण बँडेज, ऑपरेशन करून घेतलंय, जखम भरायची वाट बघतेय. आणि या सगळ्यांच्या मध्ये ही, जिच्या चेहऱ्यावर आधीच दोन देश आहेत. तिला कुणीतरी नीट बघायला हवंय. केरां बायकांची चित्रं काढतो रोज रात्री आणि ती चित्रं त्याच्या मनासारखी येत नाहीत, आणि ही भिंतीपलीकडे जागी, की आपण त्या कागदावर कधी येणार. एवढं सगळं असताना ती मोठ्याने काय बोलेल?

सीमेवरचा भाग आठवतोय का? दोघं हद्दीजवळ जातात, दुर्बिणीतून पलीकडे बघतात. त्याच्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवर पण दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा आहेत, पण ते युद्ध संपलंय, लोक तिथे फिरायला जातात. हिच्या किनाऱ्यावरचं संपलेलंच नाही, १९५३ ला फक्त शस्त्रसंधी झाली, तह आजवर नाही. मग तिथली माणसं अशीच वागणार ना, थांबल्यासारखी. मला ते हातचं राखणं वाटत नाही, तिथलं जगणंच तसं आहे.

सवयीचा मुद्दा मात्र खरा आहे, मोकळी पडलेली ठिकाणं तिला आवडतात. चौथ्या पुस्तकात तिने ती मोडलीये का ते वाचून झालं की सांगते.

अर्धी_पालघाटी

वाचनमात्र असते मी इथे, पहिल्यांदाच लिहितेय. माझे बाबा नाशिकचे, आई पालक्काडची. घरात मराठी, शाळेत मराठी, आईचं मल्याळम फक्त फोनवर. रविवारी सकाळी आजीचा फोन यायचा आणि आई बेडरूमचं दार लोटून घ्यायची आणि आतून जो आवाज यायचा तो आमच्या आईचा नसायचाच, भराभर बोलणारी, खळखळून हसणारी कुणीतरी दुसरीच बाई. मी दाराशी उभी राहायचे. मला समजायचे ते शब्द म्हणजे खाण्याचे आणि रागवायचे.

'पाचिंको' वाचताना मी तीनदा थांबले. क्लेअर ही तिशीला आलेली स्विस मुलगी, उन्हाळ्यात तोक्योला आजी-आजोबांकडे आलीये. ते कोरियन, युद्धातून पळून जपानला आले आणि निप्पोरी भागात त्यांचं 'शायनी' नावाचं पाचिंकोचं दुकान आहे. क्लेअर लहानपणी कोरियन बोलायची, विसरली. जपानी शिकली, तर ती आजी-आजोबांची भाषा नाही. मग तिघं मोडक्यातोडक्या शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर चालवतात. तिचं सगळं जमवाजमव करणं एका गोष्टीसाठी, की या दोघांना एकदा कोरियाला घेऊन जायचं. आणि ते काही धड हो म्हणत नाहीत.

माझी आजी मागच्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या वेळी भेटले तेव्हा ती माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होती आणि मी हसून मान हलवत होते. आईला विचारलं काय म्हणाली गं, आई म्हणाली काही नाही, जुनं काहीतरी. सडेतोडदादा, तुम्ही म्हणता काही घडत नाही, माझ्यासाठी त्या पुस्तकात सगळं घडलं.

कागदीहोडी

अर्धी_पालघाटी, लिहीत जा इथे. आता वाचनमात्र राहू नकोस.

पाचिंको काय असतं ते माहीत नसेल तर पुस्तकातली बरीच मजा जाते म्हणून लिहितो, कामानिमित्त ओसाकाला दोन वर्षं होतो. उभा काचेचा फळा, आत शेकडो खिळे, ११ मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या वर उडवायच्या आणि त्या खिळ्यांना आपटत खाली येतात, बरोबर भोकात गेली तर अजून गोळ्या मिळतात. आत शिरलं की आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. रोख पैशाचा जुगार तिथे कायद्याने चालत नाही, म्हणून गोळ्यांच्या बदल्यात वस्तू देतात आणि ती वस्तू जवळच्याच एका वेगळ्या छोट्या खिडकीत विकून पैसे घ्यायचे, खिडकी एवढीशी की आतल्या माणसाचे फक्त हात दिसतात.

हा धंदा बराचसा कोरियन लोकांच्या हातात कसा गेला तर बाकी कुणी कामं देईनात. १९१० ला जपानने कोरिया गिळला, १९४५ पर्यंत जपानमध्ये जवळजवळ २० लाख कोरियन होते, काही पोटासाठी आलेले, काही जबरदस्तीने आणलेले. बहुतेक परत गेले, सहाएक लाख राहिले, आणि १९५२ ला त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. ते ज्या कोरियातून आले होते त्याचे तर दोन देश झालेले. म्हणून ते आजी-आजोबा हो म्हणत नाहीत असं मला वाटतं. नात म्हणते कोरियाला जाऊ, पण ते ज्या कोरियातून निघाले होते तिथे नेणारी बोटच नाही.

आणि त्या छोट्या जपानी मुलीला, मिएकोला, क्लेअर फ्रेंच शिकवते, त्यांचं घर म्हणजे बंद पडलेलं हॉटेल आणि मुलीची खोली म्हणजे पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावाचा तळ! हे चित्र मी कधी विसरणार नाही. दहा वर्षांची पोर, निळ्या फरशांच्या तळाशी पलंग, आणि ती झोपते.

एरंडेल

सर्कसवाल्या पुस्तकाचं कुणी नावच काढलं नाही म्हणून मी. 'व्लादिव्होस्तोक सर्कस', २०२० चं. मी शाळेत सात वर्षं मल्लखांब केलाय त्यामुळे माझं प्रेम आहे त्यावर. नुकतंच शिक्षण संपलेली नताली कपडे शिवायला, डिझाईन करायला रशियातल्या व्लादिव्होस्तोकला येते, सर्कसचा सीझन संपलेला (सडेतोड, इथे पण!). तिथे तिघांचा एक गट आहे, अँटन, नीनो आणि अ‍ॅना. रशियन बार करतात, म्हणजे दोघांनी खांद्यावर एक लवचिक पट्टा धरायचा आणि तिसरीने त्यावरून उडून हवेत कोलांट्या मारून परत त्याच पट्ट्यावर उतरायचं. पट्टा केवढा, तर पावलाएवढा रुंद. उलान-उदेच्या स्पर्धेत त्यांना मध्ये खाली न उतरता सलग चार तिहेरी उड्या मारायच्यात.

लेखिकेने बरोबर पकडलंय की खालचा माणूस वरचीकडे बघत नाही, तो पट्ट्यातून समजून घेतो. आम्ही पण खांबाला एरंडेल चोळून चढायचो, तळहाताला तो वास दोन दोन दिवस राहायचा, आणि खाली उभे असलेले सर चकार शब्द बोलायचे नाहीत, पण ते तिथे आहेत हे पाठीला कळायचं. इथे पण तीन-चार देशांची माणसं आहेत, बोलायला सामाईक भाषा कच्ची, पण त्या पट्ट्यावर एकमेकांच्या हाती जीव देऊन बसलीयेत. रानजाईचा मुद्दा धरला तर हे एकच पुस्तक जिथे भाषा न पुरण्यावर उपाय सापडतो.

शब्दमोड

अनुवादाबद्दल कुणीच बोललं नाही, मी बोलतो, माझं ते काम आहे. सोक्चो फ्रेंचमध्ये २०१६ चं, इंग्रजीत आलं २०२० ला, म्हणजे चार वर्षांनी. अनिसा अब्बास हिगिन्स यांनी केलं, पुढची दोन पण त्यांनीच. आणि २०२१ ला त्याला अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, अनुवादित साहित्याचं. त्या विभागात बक्षिसाची रक्कम लेखक आणि अनुवादकाला अर्धी अर्धी मिळते, हे मला फार योग्य वाटतं. त्या पुरस्काराने तिचं नाव जगभर गेलं, आधी ती फ्रेंच आणि स्विस वाचकांपुरती होती.

मराठीत कुणी करायचं मनावर घेतलं तर कृपा करून थेट फ्रेंचमधून करा. एक उदाहरण देतो. मुलगी आणि केरां गोष्टीत इंग्रजीत बोलतात, तिथे सगळ्यांना एकच यू. पण फ्रेंचमध्ये तू आणि तुम्ही वेगळं, आपल्याकडे पण वेगळं. म्हणजे मराठीत तिने त्याला तुम्ही म्हणायचं की तू, आणि तुम्हीचं तू झालंच तर कुठल्या पानावर, हे अनुवादकाला ठरवावंच लागणार, आणि त्यावर त्या दोघांमधलं सगळं अंतर ठरतं. इंग्रजीवरून केलं तर हा प्रश्नच दिसणार नाही. आईला मात्र ती अगं आईच म्हणेल, तिथे मराठी कोरियनला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची आहे.

बर्फातली_माऊ

शब्दमोड, अगदी. सोक्चोवर सिनेमा पण आलाय, २०२४ चा, कोया कामुरा नावाच्या फ्रेंच-जपानी दिग्दर्शकाचा, बेला किम आणि रोश्दी झेम. सिनेमात मुलीला नाव दिलंय, सू-हा. मला ते खटकलं, पुस्तकात तिला कुणी नावाने हाक मारत नाही हेच तर दुखतं. पण मधे मधे तिच्या मनातलं दाखवायला काढलेली चित्रं हलतात, ते सुंदर जमलंय, टाकाची खरखर डोळ्यांना दिसते. मासळीबाजार बघायला तरी बघाच.

रानजाई

चौथं संपलं काल रात्री. 'ल व्येय एँसाँदी', जुनी आग. २०२३ चं, त्याच वर्षी वेप्लेर पुरस्कार मिळाला. सडेतोड, यावेळी ना कोरिया ना जपान. थेट फ्रान्समधलं पेरिगोर, म्हणजे जिथे तिचा जन्म झाला तोच मुलूख. दोन बहिणी, मोठी अगाथ न्यूयॉर्कला पटकथा लिहिते, धाकटी व्हेरा गावीच. वडील गेल्यावर घर रिकामं करायला दोघी नऊ दिवस एकत्र राहतात, घर पाडून त्याचे दगड शेजारच्या वाड्याच्या जळालेल्या कबुतरखान्याला वापरणार आहेत. आणि व्हेरा सहा वर्षांची असल्यापासून बोलत नाही. एका आईबापाच्या, एका भाषेत वाढलेल्या सख्ख्या बहिणी, आणि तरी बोलायचं तर धाकटी फोनवर टाईप करते आणि स्क्रीन मोठीच्या तोंडासमोर धरते. आतापर्यंत मला वाटत होतं की हिचं दुखणं दोन देशांचं आहे. आता वाटतंय तिला पहिल्यापासून हेच लिहायचं होतं आणि देश तिच्या हाताशी होते म्हणून वापरले.

लहानपणी मोठी धाकटीच्या वतीने बोलायची. मग मोठी निघून गेली. बास, पुढचं सांगत नाही.

सडेतोड

हे वाचेन. एकच विचारतो, यात फोनवरचं टाईप केलेलं वेगळं छापलंय का? लोकलमध्ये वाचताना मला असलं गोंधळायला होतं.

अर्धी_पालघाटी

मी काल आईला पुन्हा विचारलं, आजी तेव्हा काय म्हणत होती. आई भाजी निवडत होती, म्हणाली, लहानपणी तू तिच्याकडे महिनाभर राहिलेलीस ना, तेव्हा तू मल्याळम बोलायचीस, सकाळी उठल्या उठल्या तिच्याकडे पाणी मागायचीस, ते शब्द ती म्हणून दाखवत होती तुला. मग आईने ते मला शिकवले. मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवलेत.